नरसिंग आडेची दुसरी खंडेनवमी

नरसिंग आडेकडे काही दुरुस्तीला द्यायचं असलं तर घरून जेवून निघावं. वस्तू तो पटकन चालू करतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चालू झालेली वस्तू तो आपल्या हातात देत नाही. ती बंद का पडली होती हे कळेपर्यंत धरून बसतो. ‘अरे, झाली ना चालू, दे आता,’ म्हटलं की मान वर न करता म्हणतो, ‘व्हय, पण बंद काहून पडली होती?’ हा प्रश्न तो आपल्याला विचारत नसतो, त्या वस्तूला विचारत असतो. आपण नुसते मध्ये उभे असतो.

त्याचं दुकान कनेरगाव नाक्यावर, वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. माझा फोटो स्टुडिओ त्याला लागूनच. मी लग्नाचं शूटिंग करतो आणि मिक्सिंगही माझ्याच कॉम्प्युटरवर करतो. धंदा असा आहे की मुहूर्त कुणासाठी थांबत नाही आणि लग्न झालं की वऱ्हाडी दुसऱ्या दिवसापासून ‘किशनराव, पिक्चर कधी देता?’ म्हणून मागे लागतात. त्यामुळे मी घाईचा माणूस. नरसिंगचा हा स्वभाव माझ्या डोक्यात जातो. तरी माझं सगळं काम त्याच्याकडेच असतं, कारण दुसऱ्याने दुरुस्त केलेली वस्तू महिन्यात परत येते आणि याची येत नाही.

नाक्यावरच्या एका ढाब्याचा टीव्ही रोज संध्याकाळी बंद पडायचा आणि सकाळी आपोआप चालायचा. दोन मेकॅनिकांनी आतले भाग बदलून पाहिले. नरसिंगने टीव्ही उघडलाच नाही. संध्याकाळी जाऊन ढाब्यात बसायचा, चहा प्यायचा आणि टीव्हीकडे नाही, इकडेतिकडे बघायचा. शेवटी एकदा उठला आणि टीव्हीमागच्या भिंतीला हात लावून आला. भिंतीपलीकडे तंदूर होता. टीव्ही समोरच्या भिंतीवर हलवला, तो अजून चालू आहे. ढाबेवाल्याने विचारलं, मजुरी कशाची द्यायची, तर म्हणाला, चहाचे पैसे घेऊ नका म्हणजे झालं.

नरसिंग मूळचा साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि हा आश्रमशाळेत राहायचा. पुढे हिंगोलीला आयटीआय केलं आणि पुण्यात एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या मोठ्या दुकानात लागला. तिथे त्याचं जमलं नाही. साहेब म्हणायचा, विचार करत बसू नको, पार्ट बदल आणि पुढचं मशीन घे. याने काही वर्षं पार्ट बदलले आणि मग गावाकडे निघून आला. आता सकाळी शेतात तूर-सोयाबीन बघतो, नंतर दुकान. बाप राहिला नाही. आई चंदाबाई, बायको-लेकरं आणि धाकटी बहीण कोमल असं घर आहे.

चंदाबाईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. तांड्यावर मुलगी सासरी निघते तेव्हा ती आईच्या, मावशीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून गाते. त्याला ढावलो म्हणतात. गाणं म्हणायचं तर ते गाणं आहे आणि रडणं म्हणायचं तर रडणं. लेक म्हणते, आई तिला उत्तर देते, पुन्हा लेक म्हणते. आसपासच्या तांड्यांवर चंदाबाईसारखा ढावलो कुणाला येत नव्हता. लग्न कुणाचंही असो, नवरीला शिकवायला चंदाबाईलाच बोलवायचे. मी किती तरी लग्नांत कॅमेरा धरून तिच्यासमोर उभा राहिलोय आणि दर वेळी कॅमेरा डोळ्याला घट्ट लावून ठेवलाय, म्हणजे बाकीच्यांना माझा चेहरा दिसू नये.

यंदाच्या उन्हाळ्यात चंदाबाईच्या घशाचं नांदेडला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ओठ हलतात आणि वारा बाहेर येतो. आणि तुळशीचं लग्न झालं की कोमलचं लग्न धरलेलं.

कोमलला ढावलो येत नव्हता. शेंडेफळ होतं, आई आहेच, शिकू कधीतरी, असं म्हणता म्हणता राहून गेलं. मोठी बहीण निता हिच्या लग्नाची सीडी घरात होती, पण तिच्यात ढावलो नव्हता. पाठवणीच्या भागावर आम्ही मिक्सिंगवाले सिनेमातलं बिदाईचं गाणं टाकतो. सगळ्यांना तेच पाहिजे असतं आणि निताच्या सासरच्यांनी तर गाणंही निवडून दिलं होतं. पण मूळ शूटिंग मी कधी पुसत नाही. त्यात निता आणि चंदाबाईचा पूर्ण ढावलो आवाजासकट होता. तो कुठे होता, तर माझ्या कॉम्प्युटरमध्ये, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आता कॉम्प्युटरचं ऐका. माझं मशीन जुनं. यंदा पोळ्यानंतर त्याची डिस्क कटकट आवाज करायला लागली. नरसिंग म्हणाला, ही गेली समजा, एसएसडी टाकू. एसएसडी म्हणजे डिस्कच, पण तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे फार जलद. त्याने माझ्या टेबलावरच, मशीन जागचं न हलवता, जुन्या डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवलं. जुनीने त्याच आठवड्यात मान टाकली. नवीन डिस्कवर मशीन असं पळायला लागलं की मी दोन दिवस उगाचच चालू-बंद करून बघत होतो.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा विळा-कोयता, सुताराचा रंधा, तसा माझा कॅमेरा आणि कॉम्प्युटर. पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून मी ते ठेवतो आणि दसऱ्याला सकाळी उघडतो. यंदाही तसंच केलं. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं तर निळा पडदा आणि त्यावर रडकं तोंड. बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच तोंड.

माझा भाचा दिपक हिंगोलीहून सोनं द्यायला आला होता. कॉम्प्युटरचं त्याला बऱ्यापैकी कळतं. तो म्हणाला, “मामा, विंडोज गेली. नवीन मारून देतो, तासाचं काम.” त्याच्या खिशात पेनड्राइव्ह होताच.

“आतलं शूटिंग?” मी विचारलं.

“ते जाईल बहुतेक. पण आधी सेटिंग बघतो एकदा.” त्याने मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबून आतली सेटिंग उघडली. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते ठरवणारी ओळ तिथे असते. तिच्यात तीन नावं होती, आयडीई, एएचसीआय आणि रेड. मशीन आयडीईवर होतं. दिपक म्हणाला, “हे तर सगळ्यात जुनं. रेड सगळ्यात खाली आहे, म्हणजे सगळ्यात नवं असणार. ते करून बघू.”

तेवढ्यात नरसिंग आणि कोमल आत आले. दसऱ्याला ढावलो घेऊन जायचा, मग रोज ऐकून पाठ करायचा, असं भावा-बहिणीचं ठरलं होतं. कोमलने हातात आपट्याची पानं धरली होती. पडदा बघून तिने ती हळूच टेबलावर ठेवली.

“दिपक, बटणावरून बोट काढ,” नरसिंग म्हणाला. आवाज चढवला नाही, पण दिपकने बोट काढलं. “रेड म्हणजे अनेक डिस्का मिळून एकच मोठी डिस्क करायची रीत. इथं डिस्क एकच हाय. त्याच्या आत शिरलो आन्‌ एखाद्या प्रश्नाला चुकून हो म्हणलं, तर सगळं साफ व्हतं.”

“मग आयडीई आणि एएचसीआय?”

“आयडीई म्हणजे जुना वेटर. एका टेबलाची ऑर्डर घेतो, आत जातो, आणून देतो, मग दुसऱ्या टेबलाकडं वळतो. फिरत्या डिस्कला ते बराबर व्हतं, तिचा वेगच तेवढा. एएचसीआय म्हणजे चार टेबलांची ऑर्डर एकदम घेणारा. एसएसडीला तोच पायजे, न्हाई तर तिचं पळणं वाया.”

“मग करा एएचसीआय आणि मोकळे व्हा,” मी म्हणालो. “एवढं काय त्यात?”

“काका, विंडोज ज्या रीतीला सरावलेली असते त्याच रीतीनं उठते. नवी डिस्क टाकताना तिला आधी सेफ मोडमधून नेऊन एएचसीआयची सवय लावावी लागते. त्या हप्त्यात मी दोन मशीनं केली. एक तुमचं, एक हट्टा गावच्या हळद गिरणीचं. एकाला सवय लावली, दुसरं जुन्याच रीतीवर सोडलं, कारण गिरणीवाल्याला घाई व्हती.” त्याने माझ्याकडे बघितलं. “का घाई तुमाला व्हती?”

घाई मला नेहमीच असते.

साधा उपाय होता, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून बघायची. पण जोडायची केबल त्याच्याकडून गिरणीतच राहिलेली आणि दसऱ्यामुळे आजूबाजूचं सगळं बंद. मी म्हणालो, आयडीईवर उठत नाही ना, मग एएचसीआय करून बघ, चाललं तर तेच खरं. तो तयार होईना. हेच मशीन जुन्या रीतीवर सोडलेलं असेल तर बिघाड दुसराच आहे आणि रीत बदलली तर त्यात भरच पडेल. रडकं तोंड आलं की मशीन आपणहून दुरुस्तीला लागतं आणि त्या दुरुस्तीत कधी कधी होतं तेही बिघडतं, असं त्याचं म्हणणं. “आईचा आवाज हाय त्याच्यात,” तो म्हणाला. “अंदाजानं बटण दाबणार न्हाई मी.”

मग त्याने खुर्ची मागे सारली आणि विचारलं, “काल हे चालू व्हतं. मधी काय झालं?”

“काही नाही. पूजा झाली.”

“कशी केली?”

“कशी म्हणजे? करतात तशी.”

“दाखवा मला. पुन्हा करा. कालच्यासारखी, काहीच सोडू नका.”

मला राग आला. दसऱ्याच्या दिवशी खंडेनवमीची पूजा मांडायची म्हणजे देवाची थट्टा. आमच्या नर्मदाबाई स्टुडिओमागच्या घरातून सगळं ऐकत होत्या. त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “त्याच्या आईसाठी म्हनतोय तो. देव रागावत न्हाई. करा.” बायको अशी बोलली की माझं काही चालत नाही.

मी सुरू करणार तेवढ्यात दिपक पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “नरसिंगभाऊ, तारीख बघा. दोन हजार बारा, जानेवारीची एक.”

नरसिंग खुर्चीतून अर्धा उठला. बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिला. मग त्याने तारीख आणि वेळ तेवढी बरोबर केली, डिस्कच्या ओळीला हात लावला नाही, आणि मला म्हणाला, “आता करा पूजा.”

मी मशीन बंद केलं. ओलं फडकं लावायचं म्हणून मागची वायर काढली. माझ्या वडिलांचं म्हणणं होतं की पूजेच्या वेळी हत्याराला विश्रांती पाहिजे, म्हणून मी वायर काढली की दसऱ्यापर्यंत लावत नाही. पुसलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. कोमलही हात जोडून उभी राहिली. नरसिंगने हात जोडले नाहीत, तो वायरीच्या टोकाकडे बघत होता.

“एरवी रात्री वायर काढता का?”

“नाही. इन्व्हर्टर आहे ना. लाइट गेली तरी त्याला करंट असतोच. वर्षातून एकदाच काढतो, खंडेनवमीला.”

“लावा आता.”

वायर लावली, बटण दाबलं, दिपकने सेटिंग उघडली. तारीख पुन्हा दोन हजार बारा. आम्ही तिघंही पुढे वाकून बघत होतो आणि खरं सांगतो, मलाही तोवर त्यात गोडी लागली होती.

“आतला सेल मेला,” नरसिंग म्हणाला. “नाण्याएवढा सेल असतो बोर्डावर. वायर काढली तरी सगळी सेटिंग त्याच्यावर ध्यानात राहती. सेल मेल्यावर वायर काढली की मशीन सगळं विसरून कारखान्यातून आलं तसं व्हतं. आन्‌ कारखान्याची सेटिंग आयडीईची.” मला वाटलं, आता करेल. पण त्याने बटणाला हात लावला नाही. मग म्हणाला, “काका, गेल्या वर्षीपण वायर काढली व्हती ना? मग तवा काहून न्हाई झालं असं?”

“गेल्या वर्षी सेल जिवंत असेल,” दिपक म्हणाला.

मला एकदम आठवलं. “नाही रे. गेल्या दसऱ्याला घड्याळ चुकलं होतं. लग्नाच्या फायलींवर कुठल्या तरी जुन्या तारखा पडल्या म्हणून मी वैतागलो होतो. मग मीच तारीख नीट केली. पण मशीन उठलं होतं चांगलं.”

नरसिंगने टेबलावर हात ठेवला. “म्हंजे गेल्या वर्षीबी विसरलं व्हतं. पण तवा विंडोज आयडीईलाच सरावलेली, विसरलं तरी तकलीफ न्हाई. औंदा विसरलं आन्‌ उठंना. म्हंजे औंदा तिची सवय बदललेली हाय. म्हंजे हेच मशीन मी एएचसीआयवर नेलं व्हतं, आन्‌ जुन्या रीतीवर राह्यलं ते गिरणीचं.”

त्याने बाण दाबून एएचसीआयवर आणलं. कोमलकडे एकदा बघितलं. ती मान हलवून ‘कर’ म्हणाली. त्याने सेटिंग जतन केली आणि मशीन सोडलं.

निळा पडदा आला नाही. माझा नेहमीचा फोटो आला, औंढ्याच्या देवळाचा.

निताच्या लग्नाचं फोल्डर मी उघडलं. पाठवणीचा भाग शोधायला वेळ लागला नाही. आधी जनरेटरचा आवाज, कुणी तरी जीप मागे घ्यायला ओरडतंय, आणि मग निताचा आवाज चढला आणि त्यावर चंदाबाईचा. पाच महिने तो आवाज कुणी ऐकला नव्हता. नरसिंग उठून बाहेर रस्त्यावर गेला आणि ट्रकांकडे तोंड करून उभा राहिला. कोमल जागची हलली नाही. तिचे ओठ चालायला लागले होते.

तो आत आला तो कामाचं बोलत. गाणं पेनड्राइव्हवर घेतलं, कोमलच्या मोबाइलवर घेतलं, स्वतःच्याही घेतलं. मग मला म्हणाला, “सेल डिस्क टाकतानाच बदलायला पायजे व्हता. जुनं मशीन, जुना सेल, मला सुचलं न्हाई. चुकलंच माझं.” दुसऱ्या दिवशी नवा सेल बसवला आणि मला पुन्हा वायर काढायला लावली. मी म्हणालो, आता काय तिसऱ्यांदा पूजा करू? तो म्हणाला, पूजा नको, थोडा वेळ नुसती काढून ठेवा. तारीख शाबूत राहिली तेव्हा कुठे माझा स्टुडिओ मला परत मिळाला.

पुढचे दिवस कोमल तांड्यावर रोज ते गाणं लावून म्हणायची असं नरसिंग सांगायचा. चंदाबाई समोर बसायची. चुकलं की कोमलच्या पाठीवर थाप मारायची आणि सूर कुठे वर न्यायचा ते बोटाने हवेत दाखवायची. निताचा भाग कोमलला लवकर आला. आईच्या भागाला मात्र चंदाबाई खुणेने मोबाइल बंद करायला सांगायची. तो नवरीने म्हणायचा नसतोच.

लग्नाचं शूटिंग अर्थात माझ्याकडे होतं. दुपार कलली, जीप दाराशी लागली. कोमल आईच्या गळ्यात पडली आणि तिने ढावलो सुरू केला. आवाज कोवळा होता, पण चाल चंदाबाईचीच. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. लेकीचं म्हणणं संपलं. आता आईचं उत्तर. चंदाबाईचे ओठ हलले, मान मागे गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि नुसता वारा आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. नरसिंग पुढे झाला आणि थांबला. त्याच्या मोबाइलमध्ये तो आवाज होता, हात खिशापर्यंत गेलाही होता.

कोमलने आईच्या खांद्यावरून मान वर केली आणि आईचं उत्तर स्वतःच गायला लागली. चोरून पाठ केलं असणार. लेक म्हणून एक कडवं, मग आई म्हणून दुसरं, पुन्हा लेक म्हणून. आईचा भाग आला की चंदाबाईचे ओठ तिच्या बरोबरीने हलायचे, शब्दाला शब्द. मी इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे तोंड लपवत आलो, त्या दिवशी मला ते जमलं नाही. कोमल गात होती तोवर चंदाबाईने तिच्या गळ्यावर हात ठेवला होता आणि गाणं संपलं तरी तिने तो काढला नाही.